डोकेदुखी, कवटीची घडण आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून मजकडून अपेक्षा असते ती शिक्षणाविषयी चार शब्दांची. यंदा मी कार्यकारिणीकडे परवानगी मागून विषय बदलून घेतला आहे. मी डॉक्टर नव्हे, वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून पुढे आयुष्यभर मुलांना शिकविलेला एक मास्तर आहे. परंतु निवृत्तीनंतर आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीचे अर्ज लिहून देण्याचे काम मजकडे आले, आणि त्यानिमित्ताने घरोघरचे तपासणीचे कागद माझ्या नजरेखालून जाऊ लागले. गेल्या काही वर्षांत दोन घरांतील कागदांवर मला एकच अपरिचित नाव दिसले. त्यांपैकी एक घर माझ्या भाचीचे. ते नाव म्हणजे ‘कियारी’. या विकाराने डोके दुखते, आणि त्यावर मेंदूच्या मागच्या बाजूची शस्त्रक्रिया सुचविली जाते. ती करावी की करू नये, हा प्रश्न दोन्ही घरांपुढे उभा राहिला. दोन्हीकडे उत्तर निराळे आले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे दोन्हीकडे ते योग्य आले. असे का झाले, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम शरीराची घडण पाहू. आपल्या कवटीच्या तळाशी एक मोठे भोक असते; त्याला महारंध्र म्हणतात. त्यातून मेंदूचा देठ खाली उतरतो आणि पाठीच्या कण्यातील मेरुरज्जू होतो. या रंध्राच्या वर, मागच्या बाजूस, अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू बसलेला असतो; चालताना तोल सांभाळणे, हाताची हालचाल नेमकी ठेवणे ही त्याची कामे. मेंदू व मेरुरज्जू यांच्याभोवती एक स्वच्छ द्रव असतो, आणि तो हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर या रंध्रातून खालीवर होत असतो. काही माणसांत कवटीचा मागचा कप्पा जन्मतः किंचित लहान घडलेला असतो. मेंदू मात्र नेहमीच्या मापाचा. मग लहान मेंदूची खालची दोन टोके जागेअभावी त्या रंध्रातून खाली मानेकडे उतरतात. लहान डब्यात मोठी भाकरी कोंबली म्हणजे कड जशी बाहेर येते, तद्वतच हे आहे. या विकृतीचा जो पहिला प्रकार, तो मोठ्या वयातही आढळतो, आणि आज मी त्याविषयीच बोलत आहे. तान्ह्या मुलांतील इतर प्रकार अधिक गंभीर आहेत. ते येथे घेत नाही.

त्या खाली उतरलेल्या टोकांना डॉक्टर ‘टॉन्सिल्स’ म्हणतात. माझ्या भाचीच्या सासूबाईंनी हा शब्द ऐकला आणि ‘मग घशातील गाठी काढून टाका, एवढा घोर कशाला?’ असे त्या म्हणाल्या. त्यांना हसण्याचे कारण नाही. नाव सारखे असले की शिकलेल्यांचाही असाच घोटाळा होतो. हे टॉन्सिल घशातील नव्हेत, मेंदूचे आहेत.

हान्स कियारी हे प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञ. मृतदेहांची चिकित्सा करताना त्यांना ही रचना दिसली आणि त्यांनी 1891 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यापूर्वी 1883 साली जॉन क्लेलंड यांनी असेच काही पाहून लिहिले होते. परंतु नाव कियारी यांचे राहिले. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. त्या काळी ही विकृती मृत्यूनंतरच दिसे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात एम. आर. आय. यंत्र रुग्णालयांत आले आणि जिवंत माणसाच्या डोक्याच्या आतील चित्र स्वच्छ दिसू लागले. तेव्हापासून ही विकृती पुष्कळांत सापडू लागली. माणसे बदलली नाहीत, पाहण्याचे साधन बदलले. दुसऱ्याच कारणासाठी डोक्याचे चित्र काढावे आणि अहवालात हे नाव यावे, असे आता वारंवार घडते. आणि अशा कित्येकांना जन्मभर त्याचा यत्किंचितही त्रास होत नाही.

टोके रंध्राच्या खाली पाच मिलिमीटर किंवा अधिक उतरली असता सामान्यतः हे निदान लिहिले जाते. या मिलिमीटरांनी घरांची झोप उडविलेली मी पाहिली आहे. कोणाचे सहा, कोणाचे अकरा. परीक्षेच्या गुणांसारखी तुलना सुरू होते. वस्तुतः मिलिमीटर आणि त्रास यांचे प्रमाण सरळ नाही. अकरा असून सुखात असणारे आहेत आणि सहा असून हैराण होणारे आहेत. द्रवाची वाट किती अडली आहे, हे अधिक महत्त्वाचे. आणि ती हालचाल पाहण्यासाठी त्याच यंत्रावर निराळी तपासणी करता येते.

आता खरा कठीण भाग येतो. डोकेदुखी ही अत्यंत सामान्य व्याधी आहे. कियारीची घडणही आपण समजतो तेवढी दुर्मीळ नाही. मग एकाच माणसात दोन्ही असली, तर एकीमुळेच दुसरी आहे हे कशावरून? वर्गात एखादा मुलगा डावखुरा असतो आणि तोच गणितात नापास होतो. म्हणून त्याचा डावा हात बांधला, तर गणित सुधारत नाही. असे हात बांधणारे शिक्षक एके काळी होते, हे ज्येष्ठांना आठवत असेल.

म्हणून डोके कसे दुखते, हे चित्रापेक्षा आधी विचारावे लागते. कियारीची म्हणून जी दुखणी, तिचे रूप ठराविक आहे. ती डोक्याच्या मागे, मानेच्या मुळाशी उठते. खोकला, शिंक, मोठ्याने हसणे, शौचास जोर करणे, वाकून जड घागर उचलणे, अशा वेळी ती एकाएकी येते, आणि बहुधा काही सेकंदांत किंवा थोड्या मिनिटांत ओसरते. कारण उघड आहे. जोर केला की छातीपोटातील दाब वाढतो, द्रवाला जागा बदलावी लागते, आणि रंध्रात बुचासारखी बसलेली टोके त्याची वाट अडवितात. याउलट अर्धे डोके ठणकणे, मळमळणे, उजेड व आवाज नकोसा होणे, तासन्‌तास अंधारात पडून राहावेसे वाटणे, ही अर्धशिशीची लक्षणे आहेत. तिला औषधोपचार आहे आणि तिच्यासाठी कवटी उघडण्याचे कारण नाही.

आणखी एक डोकेदुखी आहे, ती गोळ्यांनीच निर्माण होते. डोके दुखते म्हणून गोळी, आणि गोळीचा अंमल उतरला म्हणून पुन्हा डोके. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातील पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र वा अधिक तीव्र गोळी दहा किंवा अधिक दिवस, याप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त काळ घेत राहिल्यास हे चक्र सुरू होऊ शकते. दुकानातून मागून आणलेल्या गोळीचा हिशेब कोणी ठेवीत नाही. विशेषतः आपल्या घरांतील स्त्रिया. त्यांची डोकेदुखी ही ‘कामाचा कंटाळा’ ठरू नये म्हणून त्या गोळी गिळून चुलीपुढे उभ्या राहतात. हे मी टीका म्हणून सांगत नाही. अर्ज लिहिताना कानांनी ऐकले ते सांगतो.

माझी भाची अडतीस वर्षांची, एका कार्यालयात नोकरी करते. सात वर्षे तिचे डोके दुखत होते, आणि गेली दोन वर्षे जवळजवळ रोज. चित्र काढले, सहा मिलिमीटर आले. ज्या सर्जनांना प्रथम दाखविले त्यांनी शस्त्रक्रियेची तारीखही दिली. घरात दोन तट पडले. जावईबापूंचे म्हणणे, रोज मरण्यापेक्षा एकदा काय ते होऊन जाऊ दे. सासूबाईंचे म्हणणे, डोक्याला हात लावू देणार नाही. भाचीने मला विचारले, “मामा, हे चित्रात दिसते आहे ना? मग काढून टाकले की संपले, नाही का?” तिच्या प्रश्नात मला कंटाळा अधिक दिसला, विचार कमी, आणि सात वर्षांच्या दुखण्यानंतर तो कंटाळा अगदी योग्य होता.

आम्ही दुसरे मत घेतले ते एका न्यूरॉलॉजिस्टांचे, म्हणजे शस्त्र न चालविणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांचे. त्यांनी चित्राकडे पाहण्यापूर्वी अर्धा तास केवळ प्रश्न विचारले. खोकल्यावर दुखते का? किती वेळ? उभे राहिल्यावर वाढते की पडल्यावर? महिन्याला गोळ्या किती? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर भाचीपाशी नव्हते. त्यांनी तीन महिने रोजची नोंदवही ठेवावयास सांगितली आणि संपूर्ण पाठीच्या कण्याचे चित्र काढविले. नोंदवहीतून दिसले ते असे: दुखण्याचे बहुतेक दिवस अर्धशिशीचे व गोळ्यांच्या चक्राचे होते, खोकल्याने उठणारी मागची कळही होती, परंतु ती आठवड्यातून दोनतीनदा आणि मिनिटभराची. मेरुरज्जू निर्दोष होता. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी केल्या. पहिले दोनतीन आठवडे फार वाईट गेले, हे लपवीत नाही. पुढे अर्धशिशीचे प्रतिबंधक औषध लागू पडले. आज तिला महिन्यात चारपाच दिवस त्रास होतो. खोकल्याची कळ अद्याप आहे. शस्त्रक्रिया तिने कायमची नाकारलेली नाही. ठराविक काळाने पुन्हा चित्र काढावयाचे आणि ती कळ वाढली तर पुन्हा विचार करावयाचा, असे ठरले आहे.

त्या डॉक्टरांनी उभे राहण्याविषयी का विचारले, तेही सांगतो. कधीकधी कण्याच्या आवरणाला बारीक छिद्र पडून द्रव गळतो, मेंदू खाली ओघळतो आणि चित्रात हुबेहूब कियारी दिसते. त्या माणसाचे डोके उभे राहिले की दुखते आणि आडवे झाले की थांबते. त्याचा उपाय गळती बंद करणे हा आहे. तेथे कवटीची शस्त्रक्रिया केल्यास अपाय होण्याचा संभव. तसेच डोक्यातील द्रवाचा दाब वाढूनही टोके खाली ढकलली जातात. ते नेत्रपटलाच्या तपासणीत कळून येऊ शकते. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी डोळे तपासून घ्या असे कोणी सांगितले, तर ‘दुखते डोके आणि पाहतात डोळे’ असे म्हणू नये.

आता दुसरे घर. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा, वय सतरा. त्यालाही खोकल्याबरोबर मागे कळ येई. अभ्यासाचा ताण म्हणून कोणी मनावर घेतले नाही. एके दिवशी त्याने चुलीवरील चहाचे पातेले सांडशीवाचून उतरविले. बोटांना फोड आले, आणि त्याला भाजल्याचे कळले नाही. आईने ते पाहिले. तिनेच पुढे त्याची पाठ एका बाजूस कललेली असल्याचेही हेरले. कण्याच्या चित्रात मेरुरज्जूच्या मध्यभागी द्रवाने भरलेली लांब पोकळी दिसली. द्रवाची वाट रंध्रापाशी अडली की काहींत अशी पोकळी तयार होते. वेदना आणि उष्णता यांचे संदेश नेणारे तंतू रज्जूच्या मध्याजवळून पलीकडे ओलांडतात, म्हणून प्रथम तेच बिघडतात. स्पर्शाचे तंतू निराळ्या वाटेने जातात, म्हणून स्पर्श कळत राहतो. हात शाबूत दिसतो आणि भाजलेले कळत नाही, ते यामुळे.

येथे नोंदवही ठेवून तीन महिने थांबण्याचा प्रश्नच नव्हता. शस्त्रक्रिया झाली. पोकळी बारीक झाली, खोकल्याची कळ गेली. बोटांची संवेदना मात्र पुरती परतली नाही, आणि परतेलच असे सर्जनांनीही आधी म्हटले नव्हते. गेलेले परत आणणे हा या शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू नसतो; पुढे जाणारे थांबविणे हा असतो. म्हणून हाताची शक्ती कमी होणे, बोटे बधिर होणे, चालताना तोल जाणे, गिळताना वारंवार ठसका लागणे, आवाज बसणे, झोपेत श्वास अडणे, यांपैकी काही असेल तर विलंब करू नये. तेथे प्रश्न डोकेदुखीचा राहत नाही.

शस्त्रक्रिया म्हणजे प्रत्यक्ष काय करतात, याविषयी नातलगांत भलत्याच कल्पना असतात. मेंदूचा मोठा भाग कापून काढीत नाहीत. रुग्णाला भूल देऊन पालथे निजवितात, डोक्याच्या मागून मानेपर्यंत उभा छेद घेतात, महारंध्राच्या मागच्या कडेचे थोडे हाड काढून जागा मोकळी करतात, आणि पुष्कळदा मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमानही काढतात. नंतर मेंदूचे जाड आवरण उघडून त्यास ठिगळ लावतात, म्हणजे आतील जागा वाढते. तंग झालेल्या सदऱ्याला शिंपी कळी घालतो तसे. काही सर्जन आवरण न उघडता केवळ हाड काढतात. त्यात द्रव गळण्याचे भय कमी, परंतु पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव अधिक. कोणाला काय करावे याविषयी सर्जनांत मतभेद आहेत. त्यानंतर काही दिवस रुग्णालयात आणि कित्येक आठवडे घरी विश्रांती. मान फार आखडते व दुखते. संभाव्य अपाय म्हणजे जखमेतून द्रव गळणे, जखमेखाली द्रवाचा फुगा येणे, मेंदूच्या आवरणाला सूज, जंतुसंसर्ग. क्वचित याहून गंभीर. खोकल्याची ती विशिष्ट कळ बहुतेकांची कमी होते किंवा जाते. इतर डोकेदुखीविषयी अशी खात्री कोणी प्रामाणिक सर्जन देत नाही.

मुंबईकर मंडळींना आणखी एका मताला सामोरे जावे लागण्याचा संभव आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दीर्घकाळ काम केलेले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी 2015 साली 65 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध करून असे प्रतिपादन केले की, मूळ दोष मानेच्या पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमधील सांध्याच्या अस्थिरतेत आहे. टोके खाली उतरणे हा त्याचा परिणाम होय. आणि उपाय म्हणजे तो सांधा स्क्रूंनी पक्का करणे. जगातील अनेक सर्जन हे मत सर्व रुग्णांस लागू करण्यास तयार नाहीत, आणि हाड काढून जागा मोकळी करण्याचीच पद्धत अधिक प्रचलित आहे. या वादात निवाडा देण्याची माझी पात्रता नाही. मात्र एक डॉक्टर हाड काढा म्हणतो आणि दुसरा सांधा बांधा म्हणतो, म्हणजे दोघांपैकी एक फसवीत आहे असे कृपा करून समजू नका. माझ्या सांध्यात अस्थिरता दिसते का, कशावरून, आणि स्क्रू बसविल्यावर मान किती वळेल, हे विचारावे. आपण वर्षाकाठी अशा किती शस्त्रक्रिया करता, हेही विचारावे. चांगल्या सर्जनाला त्याचा राग येत नाही.

दुसरे मत घेण्यास जाताना केवळ टंकलिखित अहवाल नेऊ नका. चित्रांची फिल्म किंवा तबकडी न्या. दोन घरांनी फिल्म अडगळीत टाकली होती. आठ-दहा हजारांचा खर्च पुन्हा करण्याची पाळी थोडक्यात चुकली.

खर्चाविषयी एवढेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत आपली शस्त्रक्रिया व आपले रुग्णालय बसते का, हे प्रवेशापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारून घ्यावे. आपला निधी त्यानंतर उरलेल्या रकमेसाठी आहे. निधीची बैठक अमुक तारखेस आहे म्हणून शस्त्रक्रिया त्याआधी उरकून घेऊ, असे मात्र कोणी करू नये. अर्ज नंतरही घेता येतो, आणि तशी शिफारस मी स्वतः करीन.

एक नाजूक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. त्या सतरा वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी मला विनंती केली की, अर्जावर ‘मेंदू’ हा शब्द घालू नका, ‘मान’ असे लिहा. धाकटी मुलगी उपवर आहे. हा शब्द बैठकीत वाचला गेला की गावभर होतो, हे भय त्यांचे एकट्याचे नाही. कियारी म्हणजे वेड नव्हे; बुद्धीशी त्याचा संबंध नाही. काही थोड्या कुटुंबांत ती एकाहून अधिक जणांत आढळते, परंतु बहुतेकांत तशी परंपरा दिसत नाही. ही घडण असलेल्या पुष्कळ स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात. मात्र प्रसूतीच्या डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती आधी सांगावीच लागते, कारण कळा देताना जोर किती करू द्यावा आणि कण्यात सुई टोचावी की नाही, हे त्यावरून ठरते. सासरी लपविलेली गोष्ट त्या घटकेला भूलतज्ज्ञापर्यंत पोहोचत नाही. अर्जात मी ‘मेंदू’ असेच लिहिले, आणि यापुढे रोगाचे नाव बैठकीत मोठ्याने न वाचता केवळ दोन सदस्यांनी पाहावे, असा ठराव कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. आज दुपारच्या सभेत तो चर्चेस येईल; आपण उपस्थित राहावे.

भाचीने ठेवली तशा नोंदवहीचे आखलेले कागद मी पन्नास प्रती काढून आणले आहेत. तारीख, दुखण्याची जागा, केव्हा उठले, किती वेळ टिकले, कोणती गोळी घेतली, असे पाच रकाने आहेत. ते प्रवेशद्वाराशी पानसुपारीच्या तबकाशेजारी ठेवले आहेत. ज्यांच्या घरी कोणाचे डोके वरचेवर दुखते त्यांनी जाताना एक घेऊन जावा. कोणाजवळ इंग्रजीतील अहवाल असेल, तर भोजनानंतर मी मागच्या खोलीत बसलेला आहे; शब्दांचा अर्थ सांगेन, सल्ला डॉक्टरांचा घ्यावा.